गोळीवरच्या रेषा आणि ‘शंभर टक्के जुळणी’चा दावा

‘प्रत्येक बंदुकीचा स्वतःचा ठसा असतो, गोळी सापडली की ती यंत्रात घालायची, काही मिनिटांत संगणक बंदूक ओळखून देतो, संशयिताच्या हातावर गोळीबाराचे कण मिळाले की उरलीसुरली शंकाही फिटते, या शास्त्रात चुकीला जागाच नाही’, अशा आशयाचा मजकूर वारंवार फिरत असतो. शस्त्र आणि घटनास्थळ यांचे परीक्षण करणाऱ्यांचे त्यात कौतुक आहे, तरीही त्याचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते, कारण हा मजकूर खरा मानणारी माणसेच उद्या पंच, साक्षीदार किंवा वकील म्हणून परीक्षण अहवाल हातात घेतात आणि त्यात जे लिहिलेलेच नाही तेही वाचतात.

पहिल्या विधानात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. पिस्तूल, रिव्हॉल्वर किंवा रायफल यांच्या नळीच्या आत पीळ दिलेल्या खाचा असतात आणि गोळी पुढे सरकताना त्यांचे वळ तिच्या अंगावर उमटतात. परंतु खाचांची संख्या, रुंदी आणि पिळाची दिशा ही त्या बनावटीच्या सगळ्याच शस्त्रांत सारखी असते; तेवढ्यावरून फार तर शस्त्रांचा गट ठरतो. एकच बंदूक ठरवायची तर त्या वळांमधले अतिसूक्ष्म ओरखडे पाहावे लागतात. त्यासाठी संशयित शस्त्रातून पाण्याच्या टाकीत चाचणीची गोळी झाडतात आणि ती व घटनास्थळी मिळालेली गोळी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी बसवतात. दृष्टिक्षेत्राच्या मधोमध एक बारीक विभाजक रेषा असते. तिच्या एका बाजूची गोळी अगदी सावकाश फिरवत राहिले की एखाद्या ठिकाणी ओरखडे एका गोळीवरून दुसरीवर सलग गेलेले दिसतात, आणि पुढच्याच वळावर काहीही जुळत नाही. एकाच नळीतून लागोपाठ झाडलेल्या दोन गोळ्याही तंतोतंत सारख्या नसतात. किती रेषा जुळल्या म्हणजे पुरे, याचा सर्वत्र बंधनकारक आकडा नाही. ‘पुरेशी जुळणी’ झाली की नाही हे शेवटी परीक्षकाचा प्रशिक्षित डोळा ठरवतो. त्यातही कारखान्यात एकाच हत्याराने लागोपाठ कापलेल्या भागांवर सारख्या खुणा उमटू शकतात आणि त्या वैयक्तिक खुणा समजल्या गेल्या तर निष्कर्षच फसतो. शॉटगनची नळी तर आतून गुळगुळीत असते, त्यामुळे तिच्या छऱ्यांवर असे ओरखडे शोधण्यात अर्थ नसतो.

‘चुकीला जागा नाही’ हे विधान मला सर्वांत घातक वाटते. 1915 मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात झालेल्या दुहेरी खुनात चार्ल्स स्टीलो या शेतमजुराला मृत्युदंड झाला, कारण गोळ्या त्याच्याच रिव्हॉल्वरमधून सुटल्याचे एका स्वयंघोषित तज्ज्ञाने ठामपणे सांगितले होते. पुढे जाणकारांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा ते खोटे ठरले आणि 1918 मध्ये त्याला माफी मिळाली. हे जुने झाले असे कोणी म्हणेल, म्हणून अलीकडचे उदाहरण देतो. 2014 मध्ये अहवाल निघालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 218 परीक्षकांनी वेगवेगळ्या शस्त्रांतून आलेल्या पुंगळ्यांच्या, म्हणजे गोळी सुटल्यावर मागे उरणाऱ्या काडतुसांच्या रिकाम्या कवचांच्या, 2,178 तुलना केल्या. त्यांपैकी 22 वेळा ‘एकाच शस्त्रातल्या’ असे चुकीचे उत्तर आले, 735 वेळा ‘निश्चित सांगता येत नाही’ असे आले आणि 1,421 वेळा बरोबर उत्तर आले. शिवाय त्या 22 चुकांपैकी 20 चुका अवघ्या पाच परीक्षकांच्या होत्या. यावरून ही विद्या निरुपयोगी ठरत नाही, उलट जाणकार हातांत ती बरीच विश्वासार्ह आहे असेच माझे मत आहे. पण चुकीचे प्रमाण शून्य नाही आणि ते माणसागणिक बदलते. अमेरिकी न्याय विभागाने आपल्या परीक्षकांना साक्षीत ‘शंभर टक्के खात्री’ किंवा ‘शून्य चूक’ असे शब्द वापरण्यास मनाई केली आहे. जे विधान खुद्द परीक्षकाला शपथेवर करता येत नाही, ते त्याच्या वतीने इतरांनी करू नये.

संगणकाबद्दलचा समज थोडक्यात आटोपतो. पुंगळ्यांच्या प्रतिमा साठवणाऱ्या प्रणाली आहेत आणि त्यांमुळे वेगवेगळ्या गुन्ह्यांचे धागे जोडले गेले आहेत. मात्र प्रणाली जे देते ती संभाव्य जुळण्यांची यादी असते. त्यानंतर मूळ पुंगळ्या मागवून सूक्ष्मदर्शकाखाली माणसानेच पाहायच्या असतात. अमेरिकेतील मेरीलँड राज्याने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पिस्तुलाची पुंगळी जमा करण्याची योजना 2000 च्या कायद्याने सुरू केली. तीन लाखांहून अधिक पुंगळ्या जमल्या, तरी गुन्हे उकलण्यास त्यांचा उपयोग होईना, म्हणून 2015 मध्ये ती बंद करण्यात आली.

हातावरच्या कणांचा मुद्दा अधिक सविस्तर सांगायला हवा, कारण इथे गैरसमज दोन्ही दिशांनी होतो. हे कण मुख्यतः काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरमधून, म्हणजे आघाताने पेट घेणाऱ्या मिश्रणातून, येतात. शिसे, बेरियम आणि अँटिमनी ही तिन्ही एकाच गोलसर कणात मिळाली तर तो कण गोळीबारातला असल्याचे मानण्यास सबळ आधार मिळतो. पण हात ज्याचा त्यानेच गोळी झाडली, हे त्या कणाला सांगता येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसावर ते बसतात, नुकतेच वापरलेले शस्त्र हाताळणाऱ्यावर बसतात, आणि अटक करणाऱ्या सशस्त्र पोलिसाच्या हातावरून किंवा त्याच्या गाडीच्या आसनावरूनही संशयितापर्यंत पोहोचतात. 1999 मध्ये लंडनमध्ये बीबीसीची निवेदिका जिल डँडो हिचा खून झाला. त्यात दोषी ठरवलेल्या माणसाच्या कोटाच्या खिशात असा एकच कण मिळाला होता. तो कण त्याने गोळी झाडली असती तरी आणि नसती तरी तितकाच संभवनीय होता, हे पुढे स्पष्ट झाल्यावर 2007 मध्ये शिक्षा रद्द झाली आणि 2008 च्या फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. उलट बाजूने, हात धुतले किंवा काही तास नेहमीची हालचाल केली तरी कण झडून जातात, काही काडतुसांत तर शिसेच नसते. म्हणून कण न मिळणे हा निर्दोषत्वाचा पुरावा होत नाही.

शस्त्रावर बोटांचे ठसे नसले म्हणजे ते कोणीतरी पुसले, हाही तसाच गैरसमज. दस्त्याचा खरबरीत पृष्ठभाग आणि धातूवरचे तेल यांमुळे वाचण्याजोगा ठसा मुळातच क्वचित मिळतो.

त्या फिरणाऱ्या मजकुरात जे अजिबात येत नाही ते म्हणजे घटनास्थळ, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक निकाल तिथेच लागतो. रिव्हॉल्वर सापडले तर ते उघडण्यापूर्वी नळीच्या रेषेत काडतुसाचे कोणते घर आहे याची खूण सिलिंडरवर (काडतुसे बसतात त्या फिरत्या भागावर) दोन्ही बाजूंनी करायची असते आणि मग प्रत्येक घरात रिकामी पुंगळी आहे की जिवंत काडतूस, याचा आराखडा काढायचा असतो. घोड्याखाली (मागून काडतुसावर आघात करणाऱ्या भागाखाली) रिकामी पुंगळी असेल तर शेवटची गोळी त्याच घरातली असण्याचा संभव मोठा. तिथे जिवंत काडतूस असेल तर गोळीबारानंतर घोडा पुन्हा ओढून सोडला गेला काय किंवा सिलिंडर फिरवले गेले काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि आत्महत्या की खून याचा विचार करताना तो निर्णायक ठरू शकतो. कोणी घाईने सिलिंडर उघडून सगळे एका पिशवीत ओतले, तर नंतर कोणत्याही सूक्ष्मदर्शकाला ती माहिती परत आणता येत नाही. नळीत पेन घालून शस्त्र उचलले की आतले ओरखडे बदलण्याचा आणि अगदी जवळून गोळी झाडली असल्यास आत ओढले गेलेले रक्त पुसले जाण्याचा धोका असतो. भिंतीत रुतलेली गोळी चिमट्याने उपटायची नसते, तिच्याभोवतीचा भाग कापून काढायचा असतो, कारण चिमट्याचा एक ओरखडा नळीने उमटवलेल्या रेषा मोडून टाकतो. मृताच्या किंवा संशयिताच्या हातांवर कागदी पिशव्या बांधतात, प्लास्टिकच्या नव्हे, कारण प्लास्टिकमध्ये ओलावा साचतो आणि त्याने हातावरचे कण निघून जाऊ शकतात.

एवढी काळजी घेऊनही हाडावर आपटून चेपलेली गोळी अनेकदा तुलनेच्या कामाची राहत नाही, आणि तेव्हा अहवालात ‘तुलनेस अयोग्य’ असे लिहावे लागते. वाचणारा त्याचा अर्थ ‘गोळी या शस्त्रातली नाही’ असा घेतो, किंवा परीक्षकाने काही दडवले असे समजतो. त्या दोन शब्दांत यांपैकी काहीच नाही; त्या गोळीवर एवढ्याही खुणा उरलेल्या नाहीत की ती शस्त्राशी जोडता यावी किंवा त्याच्यापासून वेगळी काढता यावी, इतकाच त्यांचा अर्थ आहे.