पाच वॅट आणि चार फुटी व्हिप: फिरणाऱ्या एका मजकुराला उत्तर

साताऱ्या-सांगलीकडच्या हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, फोनवर सध्या एक मजकूर फिरतोय. मूळ कुणाचा, कळायला मार्ग नाही. पण नवा कॉलसाईन (परवानाधारकाची रेडिओवरची ओळख) हातात पडलेला जो तो तो पुढे ढकलतोय. मजकूर थोडक्यात असा: क्यूआरपीला, म्हणजे पाच वॅटच्या आतल्या कामाला, मोठा अँटेना लागतच नाही. चार फुटी टेलिस्कोपिक व्हिप (ओढून लांब होणारी उभी काडी) घ्या, बुडाशी कॉईल लावा, एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळला याचं माप) एकास एक आणा, डोंगरावर जाऊन बसा, जग तुमचं. एंड-फेड, म्हणजे एका टोकाला जोडणी दिलेली, तार घेतलीत तर काउंटरपॉईजचीही (परतीच्या करंटसाठीच्या तारेची) कटकट नाही. पुरावा म्हणून खाली एफटी८ या डिजिटल मोडचा स्क्रीनशॉट, त्यात अमेरिकेतलं एक स्टेशन. आणि जाता जाता: पाच वॅटला कसला धोका अन् कसला परवाना!

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून तर हा मजकूर खपतो. नवख्याने त्यावर विसंबून पाच-सात हजारांची व्हिप मागवली, दिवसभर कॉल दिले आणि कुणीच उत्तर दिलं नाही, की दोष येतो क्यूआरपीवर. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

«पॉवर कमी, म्हणून अँटेना छोटा चालतो.» हे बरोब्बर उलटं आहे. १०० वॅटवरून ५ वॅटवर उतरलात की १३ डेसिबेल जातात. एस-मीटरवरचं, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या काट्यावरचं, एक युनिट ६ डेसिबेलचं. म्हणजे समोरच्याकडे तुमचा काटा दोन युनिटं आणि वर थोडासा खाली येतो. एस-९ ने येणारा माणूस एस-७ च्या जरा खाली ऐकू आला तर गप्पा थांबत नाहीत. क्यूआरपी जमतं ते या हिशोबामुळे. आता त्याच पाच वॅटला चार फुटी व्हिप जोडा आणि २० मीटरच्या (१४ मेगाहर्ट्झच्या) बँडवर या. कॉईलमध्ये आणि जमिनीत मिळून वीसेक ओहमचा तोटा धरला (रानात घाईने मांडलेल्या अँटेनाला हा आकडा मुळीच फार नाही), तर हवेत जातात सुमारे सहा टक्के. आणखी १२ डेसिबेल गेले. पाच वॅटमधले ०.३ वॅट बाहेर पडले, बाकीच्यांनी कॉईल आणि माती तापवली. तीच व्हिप शंभर वॅटवाल्याने लावली तर त्याचे सहा वॅट तरी हवेत जातात. उधळपट्टी त्याला परवडते, तुम्हाला नाही. पॉवर जितकी कमी, तितकी अँटेनात काटकसर कमी करायची.

«एसडब्ल्यूआर एकास एक आला की अँटेना उत्तम.» सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय, म्हणून इथे जरा बसू.

एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की रेडिओने दिलेली पॉवर परत येत नाहीये. ती कुठे गेली हे तो सांगत नाही. डमी लोडचा, म्हणजे चाचणीसाठी पॉवर नुसती उष्णतेत जिरवणाऱ्या खोट्या अँटेनाचा, एसडब्ल्यूआर एकास एक असतो, आणि डमी लोडवरून कुणी परदेश गाठल्याचं ऐकिवात नाही. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांच्या गल्लीत हे कुणीही समजावून देईल: तंबोऱ्याचा भोपळा काढून घ्या, तार तरीही सुरात लावता येते. सूर शंभर टक्के बरोबर, आवाज मात्र शेजारच्या खोलीत जायचा नाही.

आता आकडा. लांबीने फार तोकड्या उभ्या अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे पॉवर हवेत नेणारा रेझिस्टन्स, काढायचं सूत्र सोपं आहे: उंचीला तरंगलांबीने भागा, वर्ग करा, ३९५ ने गुणा. चार फूट म्हणजे १.२ मीटर. १४ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण २१ मीटर. उत्तर येतं सव्वा ओहम. ७ मेगाहर्ट्झला तर ०.३ ओहम. रेडिओला हवेत ५० ओहम. बुडाशी जुळणीचा ट्रान्सफॉर्मर नाही, कॉईलला टॅप नाही, नुसती कॉईल फिरवून अनुनाद आणलाय आणि मीटर एकास एक दाखवतोय, तर स्वतःला विचारा: सव्वा ओहम व्हिपचा, मग उरलेले ४८-४९ ओहम आले कुठून? ते तोट्याचे आहेत. एकास एकचा तो सुंदर काटा अडीच टक्क्यांची पावती देतोय. पाच वॅटपैकी सव्वाशे मिलिवॅट.

याची परीक्षा घरच्या गच्चीवर घेता येते. व्हिपच्या बुडाला पाच-पाच मीटरच्या दोन तारा जोडा, मग चार करा. तारा वाढवल्या की जमिनीतला तोटा घटतो, एकूण रेझिस्टन्स ५० च्या खाली घसरतो आणि एसडब्ल्यूआर बिघडतो! अँटेना सुधारला आणि मीटर रुसला. या क्षणी नवखा माणूस तारा काढून टाकतो, मीटर परत खूश होतो, आणि तो समाधानाने तसाच फोटो टाकतो. अशा वेळी तारा ठेवायच्या आणि जुळणी नव्याने करायची. दुसरी खूण कॉईलची: डिजिटल मोडवर काही मिनिटं पाठवून झालं की ट्रान्समिट बंद करा आणि कॉईलला हात लावा. कोमट लागली तर तुमच्या बॅटरीतले वॅट तिथे बसलेत.

ट्यूनरचंही, म्हणजे जुळणीच्या खोक्याचंही, तसंच. रेडिओपाशी बसवलेला ट्यूनर रेडिओला शांत करतो. त्याच्या पुढच्या कोॲक्समध्ये (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलमध्ये) जे चाललंय ते तसंच राहतं. पोर्टेबलवाल्यांची आवडती बारीक आरजी-१७४ केबल दहा मीटर घेतली, तर २० मीटरच्या बँडवर सगळं जुळलेलं असतानाही जवळपास पाव पॉवर तीच खाते. जुळलेलं नसेल तर किती खाईल त्याला धरबंद नाही.

«डोंगरावर गेलं की कुठलाही अँटेना चालतो.» दोन मीटरच्या बँडवर, व्हीएचएफवर, हे जवळजवळ खरं आहे. अजिंक्यतारा शहरापासून तीनेकशे मीटर उंच. तिथून हातातल्या सेटचा रेडिओ क्षितिजाचा हिशोब सत्तर किलोमीटरच्या घरात जातो, मध्ये डोंगर आडवा नसेल तर. किल्ल्यावर चढून जुन्या रबर डकवर (हातातल्या सेटच्या आखूड रबरी अँटेनावर) लांबचा माणूस ऐकू आला, यात डकचं कर्तृत्व काहीच नाही.

एचएफवर, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झवर, मात्र गणित बदलतं. समजा तुम्हाला सातारहून पुण्याशी, सोलापूरशी, लातूरशी ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झला) बोलायचंय. इतक्या जवळचा सिग्नल जमिनीलगत जात नाही. तो जवळजवळ सरळ वर जातो आणि आयनोस्फिअरवरून खाली येतो. उभ्या व्हिपचं रेडिएशन नेमकं डोक्यावर शून्य. म्हणजे हव्या त्या दिशेलाच ती मुकी, मग तुम्ही यवतेश्वराला असा की महाबळेश्वराला. इथे काम करते ती तार: दहा-दहा मीटरच्या दोन भुजा, मधला टेकू सहा-सात मीटरवर, टोकं माणसाच्या डोक्याच्या जरा वर. हा उलटा व्ही कृष्णाकाठच्या सपाट रानातही तितकाच चालतो. डोंगर चढायची गरजच नाही.

हे फक्त हौसेपुरतं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती; धोक्याची पातळी ४५ फूट. असा पूर पुन्हा आला आणि मोबाईल बसले, तर संपर्क लागेल तो कोल्हापूर, सातारा, पुण्याशी, अमेरिकेशी नव्हे. आपत्तीच्या तयारीच्या नावाखाली पिशवीत फक्त व्हिप ठेवणाऱ्यांनी एवढं तपासून पाहावं.

डोंगराच्या मुद्द्यात आणखी एक गोची आहे ती आपल्या मातीची. उभ्या अँटेनाला खालची जमीन हवी असते. सांगलीकडची ओली काळी रानं त्याला धार्जिणी. आपले सडे (डोंगरमाथ्यावरची पठारं) मात्र जांभ्याचे: वर वीतभर माती, खाली कोरडा खडक. सडावाघापूरच्या सड्यावर खुंटी ठोकायला जा, हात झिणझिणतील पण खुंटी जाणार नाही. तिथे उभा अँटेना लावायचा तर पाव तरंगलांबीच्या तारा जमिनीपासून थोड्या उचलून ताणाव्या लागतात. (कास पठारावर फुलांच्या हंगामात हा उद्योग करू नका. बंदी असो-नसो, तिथे तारा पसरणं म्हणजे फुलं तुडवणं.)

«एंड-फेडला काउंटरपॉईज लागत नाही.» अर्ध्या तरंगलांबीच्या एंड-फेडच्या टोकाशी इम्पीडन्स दोन-तीन हजार ओहम असतो, त्यामुळे परतीचा करंट अगदी कमी लागतो. कमी, शून्य नव्हे. तुम्ही तार दिली नाहीत तर तो करंट कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून येतो, म्हणजे तुमच्या रेडिओवर, मायकवर, कधी ओठावर. वीस मीटरच्या बँडला मीटरभर तार ट्रान्सफॉर्मरच्या अर्थला लावा आणि रेडिओच्या बाजूला कोॲक्सवर चोक (जाळीवरचा करंट अडवणारी गुंडाळी) घाला. प्रश्न मिटला.

एंड-फेडबद्दल मला एरवी प्रेमच आहे, आणि खरा लहान अँटेना तोच. १४ मेगाहर्ट्झला लागते दहा मीटर तार. साधी अर्धा चौरस मिलिमीटरची इन्सुलेटेड वायर पतंगाच्या फिरकीवर गुंडाळली तर वजन शंभर ग्रॅमच्या आसपास आणि जागा खिशाएवढी. ट्रान्सफॉर्मर ४९ ला १: एफटी-१४०-४३ टोरॉईडवर (फेराइटच्या कड्यावर) दोन वेढे प्रायमरी, चौदा सेकंडरी, प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर. टोरॉईड मुंबईला लॅमिंग्टन रोडवर शोधावा लागेल किंवा मागवावा लागेल. एनॅमलची तार मात्र कुठल्याही मोटार वायंडिंगवाल्याकडे मिळते, आणि तो बहुतेक वेळा इतक्याशा तारेचे पैसे घेत नाही. वेढे घालताना टोरॉईडच्या कडेवर एनॅमल खरवडलं जातं, म्हणून आधी टेफ्लॉन टेपचा एक थर द्या. तार सूत्रापेक्षा जरा लांबच कापा आणि मोजत मोजत कमी करा. इन्सुलेशनमुळे ती शेवटी तीन-चार टक्के आखूडच भरते. वर चढवायला सात मीटरचा फायबरचा दांडा, नाही तर बुरूड आळीतला वेळू. अँटेना लहान हवा तो पिशवीत. हवेत गेल्यावर त्याला पूर्ण लांबी द्या.

«पुरावा पाहा, एफटी८ वर अमेरिका लागली.» लागली असेल, नक्कीच. एफटी८ हा मोड २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्हन फ्रँकी यांनी आणला तोच मुळी गोंगाटाखाली गाडलेला सिग्नल उकरून काढण्यासाठी. अडीच किलोहर्ट्झच्या रुंदीत गोंगाटापेक्षा सुमारे २० डेसिबेल खाली असलेला सिग्नल तो वाचतो. आवाजाने बोलायचं तर सिग्नल गोंगाटाच्या वर हवा. हा पंचवीसेक डेसिबेलचा फरक मोडने भरून काढला, त्याचं श्रेय मजकुराने व्हिपला दिलं. टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मानकरी. निदान त्यांचं श्रेय त्यांना द्यावं. शिवाय सौरचक्र जोमात असलं आणि वरचे बँड उघडे असले की लोखंडी पलंगावरसुद्धा काहीतरी लागतं.

स्क्रीनशॉटच हवा असेल तर प्रामाणिक पद्धत आहे. टेलर यांचाच डब्ल्यूएसपीआर (क्षीण सिग्नल पाठवून तो कुणी किती ऐकला ते नोंदवणारा मोड) लावा, पॉवर २०० मिलिवॅट. दहा-पंधरा मिनिटं व्हिप, मग तितकाच वेळ तार, पुन्हा व्हिप, पुन्हा तार. ज्या स्टेशनांनी दोन्ही ऐकले त्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. एकदाच लागलेली अमेरिका काही सांगत नाही. त्याच स्टेशनाने त्याच तासाभरात दिलेला फरक सगळं सांगतो.

छोट्या अँटेनाची बाजू घ्यायची तर ती मॅग्नेटिक लूपची (गोल वेढ्याच्या अँटेनाची) घ्या, व्हिपची नको. सांगलीत विश्रामबागेच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तार ताणायला जागा कुठे? मीटरभर व्यासाचा लूप जाड तांब्याच्या नळीचा, बावीसेक मिलिमीटरचा केला तर २० मीटरच्या बँडवर कपॅसिटरचा तोटा सोडून साठ-पासष्ट टक्के पॉवर हवेत नेतो. तोच लूप बारीक कोॲक्सचा केला की पंचविसावर येतो, आणि तांब्याचा असला तरी ४० मीटरवर नेला की सोळावर. बाजारातले बरेचसे पोर्टेबल लूप कोॲक्सचेच असतात, हे जाहिरातीत नसतं. शिवाय लूपची बँडविड्थ इतकी अरुंद की जरा फ्रीक्वेन्सी हलवली की पुन्हा ट्यून करा.

आणि इथेच तो «पाच वॅटला कसला धोका» खोटा पडतो. वरच्या तांब्याच्या लूपमध्ये पाच वॅटला सहा अँपिअरच्या आसपास करंट फिरतो आणि ट्यूनिंग कपॅसिटरवर हजार व्होल्टच्या वर दाब चढतो. ट्रान्समिट चालू असताना बोट लावलंत तर भाजेल. एंड-फेडच्या टोकालाही, दाब इतका नसला तरी, चटका बसू शकतो; पोरं हात लावतील अशा उंचीवर ते ठेवू नका. पण खरा धोका रेडिओच्या वॅटचा नाहीच. ऊसपट्ट्यात रानातून शेतपंपांच्या आणि अकरा केव्हीच्या तारा कशाही गेलेल्या असतात. दांडा उभा करण्याआधी वर बघा, आणि दांडा आडवा पडला तरी तारेला लागणार नाही एवढं अंतर ठेवा. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग पश्चिमेकडून चढायला लागले की सड्यावरचा दांडा लगेच उतरवा, चालू क्यूएसओ (रेडिओवरचं संभाषण) अर्धवट राहिला तरी चालेल.

परवान्याचं काय? भारतात हौशी बँडवर एक मिलिवॅट पाठवायलाही परवाना लागतो. दूरसंचार खात्याच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगची परीक्षा आहे, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत, आणि पॉवर कमी म्हणून सूट अशी भानगड त्यात कुठेही नाही. हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या आराखड्यावरून घरी बिटएक्स हा रेडिओ जोडणाऱ्यांनाही हेच लागू. परवाना येईपर्यंत नुसतं ऐका. ऐकण्यापुरती व्हिपही पुष्कळ होते, कारण एचएफवर बाहेरचा गोंगाट इतका असतो की सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच बारीक होतात आणि रिसीव्हरला त्याने फारसा फरक पडत नाही.