‘आजची मुलं वाचत नाहीत’ या संदेशाला उत्तर

गेल्या महिनाभरात एकच संदेश मला सोसायटीच्या, माहेरच्या आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या अशा तिन्ही गटांवर आला. मजकूर थोडक्यात असा: आपली पिढी पुस्तकं वाचून मोठी झाली. आजच्या मुलांना वाचनाची आवडच उरलेली नाही. दोष मोबाइलचा आणि इंग्रजी शाळांचा. म्हणून मुलांना रोज अर्धा तास सक्तीनं वाचायला बसवा, कॉमिक्स आणि भुताखेतांच्या गोष्टी काढून घ्या, थोरांची चरित्रं हातात द्या आणि वाचलेल्याचा सारांश लिहून घ्या.

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आम्ही चौघीजणी दर रविवारी मुलांसाठी पुस्तकांची दोन कपाटं उघडतो. या कामाला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत जे पाहिलं, त्याच्याशी या संदेशातलं फारच थोडं जुळतं. पाठवणाऱ्यांची कळकळ खरी आहे, म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी ‘आपली पिढी’. मी परळच्या चाळीत वाढले. आमच्या मजल्यावर बावीस बिऱ्हाडं होती आणि पुस्तक दिसायचं ते चार-पाच घरांत. बाकीचे गिरणीच्या पाळीवरून येऊन झोपायचे. आता जे वाचायचे ते काय वाचायचे? माझा काका बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचायचा, झुंझार आणि काळा पहाड या नायकांच्या. अर्नाळकरांनी अशा हजाराहून जास्त कथा लिहिल्या, त्या काही कपाटात मिरवायला लिहिल्या नव्हत्या. काका त्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायचा आणि आजोबा ओरडायचे, ‘ही पोरं वाया जाणार’. म्हणजे तक्रार तेव्हाही होतीच. पुढे याच काकानं मला पहिल्यांदा पुस्तक बदलायला नेलं.

‘पुस्तक बदलायला जाणं’ हा शब्दच आता मुलांच्या कानावर पडत नाही, आणि माझ्या मते खरा फरक इथे आहे. गिरगाव, लालबाग, दादरला कोपऱ्याकोपऱ्यावर सर्क्युलेटिंग लायब्ररी होत्या. थोडी अनामत, महिन्याची वर्गणी, खाकी कागदाचं कव्हर घातलेली पुस्तकं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं. त्याच्या शाखा वस्त्यावस्त्यांत होत्या. १९७१ पासून बालभारतीचं ‘किशोर’ मासिक निघू लागलं. दहा वर्षांचं मूल एकटं चालत जाऊन, कुणाला न विचारता, स्वतःचं पुस्तक आणू शकत होतं. आमच्या गल्लीतल्या त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मुलं बदलली असं म्हणताना पुस्तकं त्यांच्यापासून किती लांब गेली, हे आपण मोजतच नाही.

दुसरा मुद्दा आवडीचा. ‘आवड नाही’ असं आई सांगते, तेव्हा मी मुलाला शेजारी बसवून एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगते. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. मूल अक्षर अक्षर लावत जातं आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरून गेलेलं असतं. अशा वाचनात गोष्ट हाती लागतच नाही, मग आवड कशाची लागणार? मुलांना वाचता-लिहिता किती येतं हे तपासणारी ‘असर’ची २०२२ ची पाहणी सांगते की ग्रामीण भारतात पाचवीतल्या मुलांपैकी ४२.८ टक्क्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ मध्ये हेच प्रमाण ५०.५ टक्के होतं. मधल्या काळात शाळा बंद होत्या. ही पाहणी खेड्यांतली आहे, मुंबईची नाही. पण टाळेबंदीत पहिली-दुसरी घरी बसून काढलेली मुलं आमच्याकडेही आली आणि त्यांची अडचण हीच होती. त्यांना आम्ही आळशी म्हटलं असतं तर ती परत आली नसती. सातवीतल्या मुलाच्या हातात दुसरीचं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक द्यायचं, तेही इतरांसमोर नाही. ‘धाकट्या बहिणीला वाचून दाखव’ म्हणून घरी द्यायचं. तीनचार महिन्यांत वेग येतो.

मोबाइलबद्दलचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. पण एका खोलीत टीव्ही, आजीचा खोकला आणि रांगणारं बाळ असताना मूल वाचायला बसणार कुठे? वरळीत रस्त्याच्या दिव्याखाली बसून पिढ्यान् पिढ्या मुलांनी अभ्यास केला, त्या रस्त्याचं नावच अभ्यास गल्ली पडलं. ती मुलं घर सोडून तिथे का गेली, ते मुंबईत राहणाऱ्याला सांगावं लागू नये. शिवाय त्याच मोबाइलवर ‘किशोर’चे जुने अंक फुकट वाचता येतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत. आमच्याकडची एक आई रात्री भाकऱ्या झाल्या की मोबाइलवरची गोष्ट तिघा मुलांना वाचून दाखवते.

इंग्रजी शाळेतल्या मुलांबद्दल ‘त्यांना मराठी नको असतं’ हे विधान मला सर्वांत जास्त लागतं. ही मुलं घरी, जिन्यात, क्रिकेट खेळताना मराठीच बोलतात. अडतात ती जोडाक्षरांपाशी. ‘उद्ध्वस्त’ किंवा ‘वाङ्मय’ डोळ्यांना कळत नाही, पण कानाला गोष्ट पूर्ण कळते. म्हणून आम्ही वाचून दाखवतो आणि रहस्य उलगडायच्या आधी थांबतो. पुढचं हवं असेल तर पुस्तक घरी न्या. नेतात, आणि अडखळत का होईना, शेवटपर्यंत जातात. राज्याच्या २०२० च्या कायद्यानं सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला. तो हवाच होता. पण पाठ्यपुस्तकातला धडा आणि आपण निवडलेली गोष्ट यांत मुलं फार स्पष्ट फरक करतात.

आता सक्ती, चरित्रं आणि सारांश. संदेशातला हा सल्ला मला नुसता चुकीचा नाही, तर घातक वाटतो. आमच्याकडे चौथीतली एक मुलगी आठवड्याला तीन पुस्तकं न्यायची. आईनं कौतुकानं तिला दोनशे पानी वही आणून दिली: प्रत्येक पुस्तकाचा सारांश, बोध आणि पाच नवीन शब्द. दोन महिन्यांत मुलगी कपाटासमोर उभी राहून पुस्तकांची पानं मोजायला लागली. सर्वांत कमी पानांचं न्यायचं. पुढे तेही बंद झालं. आईचा हेतू चांगलाच होता. पण गोष्ट वाचायची म्हणजे शेवटी परीक्षा द्यायची, हे त्या मुलीला कळून चुकलं होतं.

ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक सांगतं की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. ‘त्याचं’ हा शब्द महत्त्वाचा. आमच्याकडे एक मुलगा दोन वर्षं फक्त रेल्वेवरची पुस्तकं वाचत होता. इंजिनं, रूळ, सिग्नल. ती संपल्यावर त्यानं आपणहून रेल्वेच्या इतिहासाचं मोठ्यांसाठीचं पुस्तक मागितलं. चरित्रंही मुलं वाचतात, पण ती शिक्षा म्हणून हातात आली नाहीत तर. भुतांच्या गोष्टी आमच्या कपाटात सर्वांत जास्त फाटलेल्या आहेत आणि त्या आम्ही चिकटपट्टी लावून पुन्हा ठेवतो. न आवडलेलं पुस्तक अर्ध्यावर परत करायची मुभाही आहे.

पालकांना सक्ती करायचीच असेल तर ती शाळांवर करावी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात प्रत्येक शाळेला वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं असलेलं ग्रंथालय हवं, असं स्पष्ट म्हटलं आहे. मी एका शाळेत गेले तेव्हा पुस्तकं होती, चांगली होती, पण कपाटाला कुलूप होतं. हरवलं तर भरून कोण देणार, ही तिथल्या बाईंची भीती खरी होती. मग पालकसभेत हाच प्रश्न विचारावा: कपाट कधी उघडतं आणि पुस्तक हरवलं तर शिक्षकांच्या पगारातून कापलं जाणार नाही ना?

त्या चौथीतल्या मुलीची वही आईनं दिवाळीनंतर बंद केली. मुलगी फेब्रुवारीत परत आली. आता ती नेते ती पुस्तकं वेळेवर परत येत नाहीत, आणि आम्ही मागतही नाही.

संदेशाच्या शेवटी ‘हे दहा पालकांना पाठवा’ असं आहे. मी पाठवलेलं नाही. ज्यांनी मला पाठवलं त्यांतल्या जवळ राहणाऱ्या दोघींना फोन केला. सांगितलं, रविवारी दहा वाजता कपाट उघडतं, मुलाला घेऊन या आणि तो निवडत असेल तोवर तुम्ही बाहेर ओट्यावर बसा. दोघींपैकी एक आली.