साखर आहे ना? मग देव पावला!

कुत्र्याने चोखायच्या गोड गोळ्या खाल्ल्या की घरातला प्रत्येक माणूस मिनिटभरात जनावरांचा डॉक्टर होतो, आणि खरा डॉक्टर फोनवर आला की त्याच्या एकाही प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नसतं. आमच्या बंड्याने मुलीची गोळ्यांची अख्खी पिशवी फस्त केली तेव्हाचं सांगतो. पिशवी टेबलावर, खुर्च्या आत सरकवलेल्या, तरी साहेब वर पोचले कसे हे अजून कोडंच आहे. चेहरा असा की जणू आम्हीच खाऊन त्याच्यावर आळ घेतोय. जीभ मात्र हिरवीगार आणि मिशीला एक अर्धवट चोखलेली गोळी चिकटलेली, रॅपरच्या तुकड्यासकट.

लगेच उपाय सुरू. आई म्हणाली दूध पाजा, बाबा म्हणाले मिठाचं पाणी घाला म्हणजे भडाभडा ओकेल, मुलाने मोबाईलवर हायड्रोजन पेरॉक्साइड शोधून काढलं, आणि आत्या म्हणाली "घशात बोट घाल रे", हे म्हणताना स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे.

डॉक्टरांनी फोनवरच सगळ्यांची डिग्री काढून घेतली. मिठाचं पाणी अजिबात नाही, रक्तातलं सोडियम वाढून फिट येऊ शकते, म्हणजे गोळ्या परवडल्या. पेरॉक्साइडने पोटाची आतून सालं निघू शकतात, त्यामुळे ते आपल्या मनाने द्यायचं नाही, उलटी काढायचीच वेळ आली तर दवाखान्यात इंजेक्शन देऊन काढतात. आणि बोट घातलं तर बोट जातं. चोराच्या उलट्या बोंबा जन्मभर ऐकल्या, इथे चोराच्या नुसत्या उलट्या हव्या होत्या तर त्याही मिळेनात.

मग प्रश्न आले. काय खाल्लं, किती, कधी, आणि कुत्र्याचं वजन किती? आता बंड्या वजनकाट्यावर उभा राहणारा प्राणी नाही, म्हणून मी त्याला उचलून काट्यावर चढलो, मग तो उतरला आणि मी एकटा, आणि वजाबाकी. ही वजाबाकी बाबांनी मोठ्याने केली. बंड्याचं वजन कुणालाच आठवत नाही, माझं मात्र सगळ्या नातेवाईकांना पाठ झालंय.

पण खरा बॉम्ब पुढे होता. डॉक्टर म्हणाले, "साखर असेल तर फार घाबरू नका, पोट बिघडेल, जुलाब होतील. शुगर-फ्री असेल तर आत्ताच्या आत्ता निघा." आम्ही गार! आयुष्यभर साखर वाईट साखर वाईट ऐकत आलो आणि इथे उलटाच न्याय. भानगड झायलिटॉलची आहे, म्हणजे शुगर-फ्री गोळ्यांत साखरेऐवजी घालतात त्यातला एक गोड पदार्थ. माणसाच्या इन्सुलिनला त्याचा फारसा फरक पडत नाही, पण कुत्र्याच्या स्वादुपिंडाला वाटतं की खरीच साखर आली, ते धडाधड इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली असलेली साखरही खाली येते, कधीकधी अर्ध्या तासात. मग कुत्रा झोकांड्या खातो, मलूल पडतो, फिट येते, आणि जास्त गेलं असेल तर लिव्हरवर बेततं. किलोमागे 0.1 ग्रॅमही धोक्याचं, म्हणजे छोट्या कुत्र्याला एखाददुसरं च्युइंगमसुद्धा पुरे. लेबलवर कधी ते 'बर्च शुगर' म्हणून लपलेलं असतं, कधी ई 967 म्हणून.

झालं, सगळे जमिनीवर ओणवे. लाळेत भिजलेले, दातांची भोकं पडलेले तुकडे जुळवून आम्ही लेबल वाचत होतो, चष्मे आळीपाळीने फिरत होते. चॉकलेट नाही ना, कारण त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या अंगातून लवकर जात नाही आणि चॉकलेट जितकं कडू तितकं जास्त वाईट. मनुका नाहीत ना, त्या किडनीला मारतात. शेवटी मुलगी ओरडली, "पहिलंच नाव साखर!" पहिलं म्हणजे वजनाने सगळ्यात जास्त. मग ग्लुकोज सिरप, मग रंग, झायलिटॉलचं नावही नाही, आणि त्या कचऱ्यासाठी आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मुलाला आठवलं की आत्याच्या पर्समध्ये शुगर-फ्री च्युइंगम असतं. पर्स उघडली, पाकीट सीलबंद निघालं. बंड्या त्यातून सुटला, पण परवानगीशिवाय पर्स उघडली म्हणून आत्या अजून घुश्शात आहे.

लेबलचे फोटो डॉक्टरांना पाठवले, त्यांनी घरीच थांबायला सांगितलं. पाणी ठेवा, एखादं जेवण हलकं द्या, आणि रॅपरवर लक्ष ठेवा, ते आतड्यात अडकू शकतात, सारखी उलटी, जेवण बंद, शी बंद असं काही दिसलं तर वाट न बघता घेऊन या. रॅपर बाहेर पडले का हे बघायचं कसं, असं मी विचारलं आणि विचारताना उत्तर कळलं. मागे वळून बघतो तर खोली रिकामी. आईला देवपूजा, बाबांना फोन, मुलांना चक्क अभ्यास.

तेव्हा रात्री बॅटरी आणि काडी घेऊन मीच बाहेर, बंड्या शेजारी ऐटीत बसलेला, तब्येत उत्तम. शेजारचे काका फिरायला निघाले होते, म्हणाले, "काय हरवलंय का?" म्हटलं, "रॅपर. दोन सापडलेत, बाकीचे शोधतोय." माणूस फार चांगला, मदतीला लगेच वाकलेसुद्धा, आणि वाकल्या वाकल्या त्यांना घरचं काहीतरी अर्जंट काम आठवलं.