सहा आठवडे नुसतं पाणी

दिवाणखान्यात अडीच फुटी काचेची टाकी, वर निळसर दिवा, आत वाळू, चार दगड, पाणी छान घुसळतंय आणि मासा एकही नाही. येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता विचारतो, "अहो, मासे कुठायत?" त्यावर "अजून पाणी तयार होतंय" असं म्हटलं की तो ज्या नजरेने बघतो, ती नजर सहा आठवडे सोसावी लागते. खरं सांगायचं तर आम्ही खाऱ्या पाण्यावाले, म्हणजे घरात समुद्रातले मासे ठेवणारे, मुळात पाणीच पाळतो. मासे त्यातले भाडेकरू.

सल्ले मात्र पहिल्या दिवसापासून फुकट मिळतात. मुंबईत हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "समुद्र दोन स्टेशनांवर आहे, दोन कॅन भरून आणा की!" पण किनाऱ्यालगतचं पाणी म्हणजे अख्ख्या शहराने काल काय काय धुतलं त्याचा अहवाल, आणि पावसाळ्यात तर गोडं पाणी मिसळून त्याचा खारटपणाही उतरतो. दुसरा सल्ला स्वयंपाकघरातून येतो. "मीठच ना? डब्यात आहे."

डब्यातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, वर आयोडीन आणि मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले ३० ग्रॅम सोडियम आणि क्लोराइड, हे खरंच. पण उरलेल्या पाच ग्रॅमांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट अशी सगळी भावकी दाटीवाटीने बसलेली असते, आणि माशाचं घोडं तिथेच अडतं. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाज जगभर फिरलं. त्याने आणलेले ७७ नमुने डिटमार नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष छापले. खारटपणा कमीजास्त असेल, पण क्षारांचं एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळपास तेच. थोडक्यात, सातही समुद्रांची आमटी एकाच हातची. म्हणून आम्ही मत्स्यालयाचं तयार मीठ आणतो. त्याची किंमत घरात सांगत नाही.

मिठाआधी पाणी. "आपला आरओ आहे की!" आहे, पण तो आपल्यासाठी आहे. बहुतेक घरगुती यंत्रं गाळलेल्या पाण्यात चवीपुरती खनिजं परत घालतात, त्यामुळे टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, ५० ते १०० दाखवतो. टाकीला शून्य हवं. खनिजाच्या कार्ट्रिजआधीच्या नळीतून पाणी घ्यायचं आणि उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनच्या नळकांड्यातून सोडायचं. मीटर शून्यावरून एक-दोनवर सरकला की रेझिन बदलायचं. "चालेल अजून आठवडाभर" म्हणणाऱ्याच्या वाळूवर तपकिरी साय धरते. ते डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. पाण्यातून निसटलेल्या सिलिकेटवर ते पोसतात. नव्या टाकीत थोडे यायचेच, आणि काही आठवड्यांत जायचेही. त्यासाठी औषध ओतू नये.

हे पाणी साठवायचं खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकच्या पिंपात. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते पाहवत नाही. "तांब्याचा हंडा रिकामाच आहे, त्यात ठेव, आरोग्याला चांगलं." माणसाच्या असेलही. शंख, खेकडे आणि कोळंबीच्या जातींना मात्र तांब्याचा अंशही जीवघेणा असतो. माशांच्या परजीवींवर तांब्याचं औषध देतात ते याच कारणाने वेगळ्या, उपचाराच्या टाकीत. तेव्हा हंडा माळ्यावर.

आता हिशेब. ७५ × ४५ × ४० सेंटीमीटरची टाकी दुकानात १३५ लिटरची असते. घरी आणून वाळू घाला, दगड रचा, वर चार बोटं रिकामी सोडा. आत मावतं १०० लिटरच्या आसपास. सगळी औषधं, सगळे डोस या १०० वर मोजायचे, १३५ वर नव्हे. १०० लिटरला साधारण ३.६ किलो मीठ लागतं, पिशवीवरचं प्रमाण थोडं इकडेतिकडे. मीठ पाण्यात घालायचं, थोडं थोडं, पंप चालू ठेवून. कणकेसारखं आधी मीठ आणि मग वरून पाणी असं केलं, तर तळाशी दाट झालेल्या द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं आणि पिंपात ताक दिसायला लागतं. ते ताक पुन्हा विरघळत नाही. नीट कालवलेलं पाणी एक दिवस फिरू द्यायचं आणि मगच मोजायचं.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याच्या थेंबात प्रकाश किती वाकतो त्यावरून आकडा सांगणारी नळी. काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर असतो, पण त्याच्या काट्याला बुडबुडा चिकटला की काटा वर उचलला जातो आणि पातळ पाणीही खारट भासतं. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) तयार द्रावणावर लावून घ्यायचा, थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबायचं. वाचन ३३ आलं तर १०० लिटरला साधारण २०० ग्रॅम मीठ, बादलीत विरघळवून. ३७ आलं तर साडेपाच लिटर काढून तेवढंच गोडं पाणी. दोन्ही कामं सावकाश.

आणि मग सुरू होतो खरा छळ, सायकलिंग. माशाच्या विष्ठेतून, श्वासातून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो आणि तो माशाला मारतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. नायट्रेट बरंच सुसह्य. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे घेतात. पी हळद अन् हो गोरी इथे चालत नाही. बाटलीतले जिवाणू घातले तर मुदत थोडी कमी होते, इतकंच.

जिवाणूंना या काळात जेवायला अमोनिया हवा. एक पंथ टाकीत दोन सोललेल्या कोळंब्या टाकून सडू देतो. वास तर येतोच, वर कोळंबीतून किती अमोनिया निघाला याचा हिशेब लागत नाही, आणि तळायच्या कोळंबीचं असं होताना बघून घरातलं वातावरण त्याहून बिघडतं. मी नवसागराच्या पक्षाचा. हो, तोच, कल्हईवाल्याच्या पुडीतला. म्हणजे अमोनियम क्लोराइड. फक्त बाजारातला नको, त्यात धातूंचा मळ असू शकतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्यावा. १०० लिटरमध्ये २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनियाला ०.६ ग्रॅम पुरतो, म्हणून सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा लागतो. "जास्त घातलं तर लवकर होईल" हा विचार आला की हात धुऊन टीव्ही लावावा. अमोनिया ५ पीपीएमच्या वर गेला तर तेच जिवाणू अडून बसतात.

तपासणी रंगांची असते: नळीत टाकीचं पाणी, त्यात चाचणीच्या बाटलीतले थेंब. अमोनियाची नळी पिवळी राहिली तर शून्य, हिरवी होत गेली तर चढता आकडा. पण पिवळा, लिंबू, पोपटी, शेवाळी यातलं नक्की काय? ट्यूबलाइटखाली तर सगळंच पोपटी. दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर, आणि शक्यतो साडीच्या दुकानात तीन तास काढलेल्या माणसाकडून वाचून घ्यावं. नायट्रेटच्या चाचणीतल्या एका बाटलीत कण तळाशी बसतात. ती तीस सेकंद जोरात हलवली नाही तर वाचन खोटं कमी येतं. उलट पाण्यात नायट्राइट असेल तर तेच वाचन खोटं जास्त येतं. नायट्राइटला मात्र फार भिऊ नये. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याला माशाच्या कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. गोड्या पाण्यावाल्यांचं भय आपण उसनं घेऊ नये.

२ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले, की पाणी पास.

मधल्या काळात पीएच नावाचं भूत झपाटतं. ७.८ ते ८.४ मधलं काहीही ठीक, आणि पहाटे तो खाली, संध्याकाळी वर असायचाच. पण आकडा ७.८ दिसला की माणूस पीएच वाढवायची बाटली घेऊन धावतो. आधी ग्लासभर पाणी गच्चीत नेऊन तासभर हवेच्या पंपाने बुडबुडे सोडावेत. पीएच चढला तर दोष पाण्याचा नसून घराचा. खिडक्या लावून, एसी सोडून बसलेल्या चार माणसांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड टाकीत उतरतोय. उपाय खिडकी.

अल्कलिनिटी वेगळी. ती म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, आणि डीकेएच हे तिचं माप. ती ७ ते ९ डीकेएच असावी. जिवाणूंच्या कामात ती खर्च होते. वाढवायला खाण्याचा सोडा: १०० लिटरला ३ ग्रॅम म्हणजे साधारण एक डीकेएच, दिवसाला एवढंच. भज्यांतला सोडाच, पण बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्लही असतं. अख्ख्या स्वयंपाकघरातून टाकीने स्वीकारलेली ही एकमेव वस्तू.

परदेशी प्रवाळवाले यापुढे चुन्याची निवळी थेंबथेंब सोडतात, कॅल्शियमसाठी. आपल्याकडे प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा तुकडा "जिवंत दगड" म्हणून कोणी गळ्यात मारायला आला तर तो आपल्यालाच चुना लावतोय. साधे सच्छिद्र दगड घ्यावेत. कॅल्शियमची चाचणी मासेवाल्यांनी विसरावी.

उन्हाळ्यात टाकी २५-२६ अंशांवर ठेवायची तर चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र हवं, पण त्याची किंमत म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पृष्ठभागावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात, कारण पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी. मीठ आत राहतं. रोज दोन लिटर उडालं आणि आपण चार दिवस गावी गेलो, तर ३५चं ३८ होतं. म्हणून काचेवर पट्टी चिकटवून शेजारच्या काकूंना सांगायचं, "पट्टीपर्यंत या पिंपातलं गोडं पाणी." काकू प्रेमळ असतात. "समुद्रातला मासा ना रे, मग गोडं कसं चालेल?" म्हणत त्या चिमूटभर मीठही टाकतात. तेव्हा मिठाची पिशवी कुलपात, आणि खाणं दिवसागणिक गोळ्यांच्या डबीत मोजून.

सातव्या आठवड्यात एकच क्लाऊनफिश आणावा. जिवाणू मागच्या जेवणावर पोसलेले असतात. एकदम पाच पाहुणे आले तर पंगतीत गोंधळ होतो. पिशवी तरंगवून तापमान जुळवायचं, मग टाकीतलं पाणी थेंबथेंब सोडत तास-दीड तास. पिशवीतलं पाणी टाकीत नको. दिवे मंद.

दुसऱ्या दिवशी सगळं घर टाकीसमोर. केशरी, पांढरे पट्टे, शेपटी हलवत काचेशी आलेला. "बाबा, बघा ना!" बाबा पाठमोरे, खिडकीशी, बाटली कानापाशी धरून हलवत: सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस...