शिवारातले प्लास्टिक आणि गल्लीतला रस्ता

बेळगावच्या वडगाव शिवारात बळ्ळारी नाल्याच्या काठाला आमची वडिलोपार्जित भातशेती आहे. आषाढात नाला फुगला की पाणी कितीतरी दिवस भातावर उभे राहते, हे त्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. परंतु पाणी ओसरल्यानंतर शेतात काय उरते, हे शहरात राहणाऱ्या पुष्कळांनी पाहिलेले नसते. दुधाच्या पिशव्या, बाजारातल्या पातळ कॅरीबॅगा, शाम्पूच्या पुड्या, बिस्किटांची वेष्टने हे सारे भाताच्या बुंध्यांना गुंडाळून बसलेले असते आणि ते एकेक करून हाताने सोडवावे लागते, कारण घाईने ओढले तर रोपही त्याच्यासोबत उपटून येते. गेल्या पावसाळ्यात मी आणि माझ्या पत्नीने दोन दिवस हेच काम केले. त्या संध्याकाळी घरी परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाहिले, तर जेमतेम एक पावसाळा पाहिलेल्या रस्त्यावरचे डांबर निघून खडी मोकळी झाली होती आणि मुले ती खडी लाथेने उडवत होती. शेतातले प्लास्टिक आणि रस्त्यावरचे पाणी या दोन दुखण्यांचा एकमेकांशी संबंध जोडता येतो, म्हणजे टाकाऊ प्लास्टिक वापरून पावसात टिकणारा रस्ता करता येतो, हे मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून बरीच वर्षे वाचत आलो होतो. त्या दिवशी मात्र ते मनाला लागले.

डांबरी रस्ता पावसात का उखडतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. खडी आणि डांबर यांची पकड ही रस्त्याची खरी ताकद असते. दगडाला मुळात डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक, त्यामुळे साचलेले पाणी बारीक भेगांतून आत गेले की ते खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरते, वरून गाडीचे चाक गेले की तेच पाणी दाबाने डांबराचा थर सोडवते, आणि एकदा एक खडा सुटला की त्याच्या शेजारचे खडे सुटायला वेळ लागत नाही. जांबोटी-कणकुंबीपासून चोर्ला घाटापर्यंतचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना आपल्या भागात रस्त्याची खरी परीक्षा कोण घेतो हे ठाऊक आहे.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी नेमका याच ठिकाणी उपाय शोधला. खडी सुमारे 160 ते 170 अंश सेल्सियसपर्यंत तापवायची, तिच्यावर बारीक कापलेले प्लास्टिक टाकायचे, ते अर्ध्या-पाऊण मिनिटात वितळून प्रत्येक खड्याभोवती पातळ पापुद्र्यासारखे बसते, आणि त्यानंतर गरम डांबर मिसळायचे. प्लास्टिकचा हा लेप खडीतील सूक्ष्म छिद्रे बुजवतो, त्यामुळे खडी पाणी कमी शोषते, आणि डांबर त्या लेपाला घट्ट धरून राहते. यात प्लास्टिक डांबराच्या पिंपात ढवळले जात नाही, ते आधी दगडाला चढवले जाते; या पद्धतीला ‘कोरडी पद्धत’ म्हणतात. यासाठी वेगळा कारखाना उभारावा लागत नाही, खडी आणि डांबर गरम करून मिसळणाऱ्या आपल्याकडच्या साध्या हॉटमिक्स प्लांटवरही हे काम होऊ शकते. वासुदेवन यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. आपल्याच राज्यात, बेंगळुरूमध्येही, या शतकाच्या सुरुवातीपासून प्लास्टिकमिश्रित डांबराचे रस्ते झालेले आहेत, म्हणजे ही गोष्ट आपल्यासाठी परकी नाही आणि अगदी नवीही नाही.

नियमही केव्हाच झालेले आहेत. रस्तेबांधणीचे मानदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसने 2013 मध्ये याची मार्गदर्शक पुस्तिका काढली असून तीत डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के प्लास्टिक वापरण्यास सांगितले आहे. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने 5 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांभोवती 50 किलोमीटरच्या परिघातील राष्ट्रीय महामार्गांच्या डांबरीकरणात टाकाऊ प्लास्टिक वापरण्याचे धोरण ठरवले. 2011 च्या जनगणनेतच बेळगाव आणि त्याला लागून वाढलेल्या वस्तीची एकत्रित लोकसंख्या 6 लाखांवर गेली होती. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी तर ज्या प्लास्टिकचा पुन्हा उपयोग होऊ शकत नाही, ते रस्त्याच्या कामी लावण्यास उत्तेजन देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवरच टाकली आहे. म्हणून ‘परवानगी कुठे आहे’ असे कोणी विचारले, तर ती आहे.

मग अडते कुठे? माझे मत असे की ते प्लांटवर अडत नाही, डांबरावर अडत नाही. ते स्वच्छ, कोरड्या आणि निवडलेल्या प्लास्टिकवर अडते. प्लास्टिकमध्ये धूळ आणि इतर घाण 1 टक्क्याहून अधिक असू नये आणि त्याचे तुकडे साधारण 2 ते 3 मिलिमीटरचे असावेत, अशी अपेक्षा आहे. आमटीने माखलेली पिशवी, ओल्या कचऱ्यात कुजलेले वेष्टन किंवा माझ्या शेतातून काढलेले चिखलाने भरलेले प्लास्टिक या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरते. शहराचा कचरा तुरमुरीच्या डेपोवर एकदा एकत्र पडला की त्यातून रस्त्याच्या लायकीचे प्लास्टिक वेगळे काढणे अत्यंत कठीण आणि खर्चाचे होते.

याचा अंदाज घेण्यासाठी आम्ही आमच्या गल्लीतील 22 घरांनी तीन महिने एक साधा प्रयोग केला. प्रत्येक घराने पिशव्या आणि वेष्टने पाण्यातून काढून, परड्यातल्या दोरीवर वाळवून एका पोत्यात साठवली. सुरुवातीला काही भगिनींनी रास्त तक्रार केली की धुण्याचे हे काम शेवटी घरातल्या बाईच्याच अंगावर पडणार, म्हणून आम्ही ते मुलांकडे आणि घरातल्या निवृत्त पुरुषांकडे सोपवले. तीन महिन्यांनी 31 किलो भरले. नेहमीच्या भंगारवाल्या काकांना दाखवले, तेव्हा त्यांनी दुधाच्या पिशव्या, म्हणजे सुमारे 9 किलो माल, पैसे देऊन नेला, कारण त्याला पुढे गिऱ्हाईक आहे. उरलेल्या 22 किलोंना त्यांनी हातही लावला नाही.

मला हा निवाडा फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला भंगारात किंमत आहे ते पुन्हा वस्तू बनण्यासाठीच गेले पाहिजे, त्याला रस्त्यात पुरणे हा अपव्यय आहे. ज्याला कोणी विचारत नाही, जे जाळले जाते किंवा नाल्यात जाते, त्याच्यासाठी रस्ता आहे. आता हिशेब पाहा. पावणेचार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्याच्या वरच्या थराला साधारण 10 टन डांबर लागते, म्हणजे प्लास्टिक 600 ते 800 किलो. आमच्या अनुभवाने एका घरातून वर्षाला सुमारे 4 किलो बिनमोलाचे प्लास्टिक निघते. निवडताना त्यातले निम्मे बाद झाले असे धरले, तरी 500 घरांच्या गावातून वर्षाला एक टन उरते. त्यात त्या गावाचा एक किलोमीटरहून अधिक रस्ता होतो. मोठ्या महामार्गाच्या मानाने हे काहीच नाही, पण खानापूर किंवा चिकोडी तालुक्यातल्या गावाला शिवारापर्यंत जाणारा एक किलोमीटर धड रस्ता म्हणजे काय, हे उसाच्या गाडीमागून चालणाऱ्याला विचारावे.

निवडताना बाद काय करायचे, याबाबत मी विशेष आग्रही आहे. पीव्हीसी या प्रकारचे प्लास्टिक या कामात अजिबात चालत नाही, कारण ते तापल्यावर विषारी, आम्लयुक्त वायू सोडते आणि तो वायू सर्वप्रथम प्लांटवर राबणाऱ्या मजुरांच्या छातीत जातो. आपल्याकडे वाढदिवसाचे, निवडणुकीचे, गणेशोत्सवाचे जे फ्लेक्स चौकाचौकात लागतात, ते बहुतांशी पीव्हीसीचेच असतात. ‘एवढे फ्लेक्स पडून आहेत, तेच टाका रस्त्यात’ असे मला दोघा-तिघांनी सुचवले. हेतू चांगला होता, पण तसे केल्यास मोठे नुकसान होईल. वारंवार पुनर्वापर होऊन काळ्या झालेल्या पिशव्याही घ्यायच्या नाहीत. योग्य प्लास्टिकसुद्धा ठरलेल्या तापमानाच्या पलीकडे जाऊ देता कामा नये; सुमारे 270 अंशांच्या पुढे त्याचे विघटन होऊन वायू बाहेर पडू लागतात. म्हणून प्लांटवर तापमापक आहे की नाही आणि त्याची नोंद कोण ठेवतो, हा प्रश्न नागरिकांनी विचारलाच पाहिजे. उन्हातान्हात, डांबराच्या वाफेत उभे राहणाऱ्या माणसाच्या आरोग्याच्या बदल्यात मला खड्डे नसलेला रस्ता नको आहे.

आणखी एक आक्षेप मी स्वतःशीच घेतो, कारण माझे शेत नाल्याच्या काठाला आहे. रस्ता झिजतो तेव्हा त्यातील प्लास्टिकचे सूक्ष्म कण पावसाबरोबर गटारात आणि तिथून शिवारात येणार नाहीत ना? लेप डांबरात बांधलेला राहतो, तोवर मोकळ्या पिशवीपेक्षा तो बरा, असे मला वाटते. तरीही अशा रस्त्याच्या कडेचे पाणी आणि माती दरवर्षी तपासली जावी, अशी माझी मागणी आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या मच्छे येथेच आहे आणि बेळगावात अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. विद्यार्थ्यांना याहून जवळचा अभ्यासविषय कोणता मिळणार?

प्लास्टिक घातले म्हणजे वाईट रस्ता चांगला होतो, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. खाली मुरूम नीट दाबलेला नसेल, काळ्या मातीवर पुरेसा थर नसेल, बाजूला गटार नसेल, किंवा डांबरीकरण झाल्यावर आठवड्याभरात पाण्याच्या पाइपसाठी तोच रस्ता खोदला जाणार असेल, तर कोणताही लेप त्याला वाचवू शकत नाही.

आपल्या ग्रामपंचायतींकडे यासाठी लागणारी निम्मी व्यवस्था आज उभी आहे. कर्नाटकात गावोगावी सुक्या कचऱ्याच्या शेड झालेल्या आहेत, महिला स्वसहाय्य संघांकडे त्यांचे काम दिलेले आहे आणि अनेक गावांत कचऱ्याची गाडी आपल्याच भगिनी चालवतात. प्लास्टिक कापण्याचे यंत्र चार-पाच पंचायतींमध्ये मिळून एक असले तरी भागेल. कापलेल्या प्लास्टिकला किलोमागे ठरलेला दर मिळाला पाहिजे आणि तो थेट त्या महिला संघांच्या खात्यात गेला पाहिजे. टेंडरमध्ये प्लास्टिक किती, कुठून घ्यायचे आणि त्याची पावती कुठे जोडायची, हे स्पष्ट लिहिलेले असावे. अन्यथा कागदावर प्लास्टिक आणि रस्त्यात नुसते डांबर, असेही होऊ शकते. आणि जाता जाता एक विनंती: कोणता कचरा कुठे टाकायचा याच्या सूचना सीमाभागात कन्नडबरोबर मराठीतही दिल्या जाव्यात. यात वादाचा काही भाग नाही. ज्या आजीला फक्त मराठी वाचता येते, तिच्याच हातात घरातला कचऱ्याचा डबा असतो.

आरंभ म्हणून मला एकच गोष्ट हवी आहे. एखाद्या पंचायतीने एक किलोमीटर रस्ता निवडावा, अर्धा नेहमीच्या पद्धतीने आणि अर्धा प्लास्टिकचा लेप दिलेल्या खडीने, एकाच दिवशी, एकाच कंत्राटदाराकडून करून घ्यावा, दोन्हींच्या सीमेवर दगड रोवावा आणि तीन पावसाळे लोकांना तो पाहू द्यावा. हे वाचणाऱ्यांत कोणी पंचायत सदस्य किंवा इंजिनियर असतील आणि असे काम अंगावर घेण्याची तयारी असेल, तर त्यांनी अवश्य कळवावे. धुऊन वाळवलेले ते 22 किलो प्लास्टिक आमच्या पडवीत पोत्यात बांधून ठेवलेले आहे, आणि गल्लीतली 22 घरे अजून साठवत आहेत.