पुनर्प्रकाशनाची परवानगी दिली की मूळ लेख बुडतो का?

वेबसाइटवर लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे: ‘आपला लेख दुसऱ्या वेबसाइटला छापू देऊ नका, तोच मजकूर दोन ठिकाणी दिसला की गूगल मूळ वेबसाइटला दंड करते, आपले वाचक तिकडे जातात आणि लेखावरचा हक्कही सुटतो.’ हा सल्ला ऐकून चांगले लिहिणारे अनेक जण आलेली विनंती विचार न करताच नाकारतात, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

दंडाचे विधान चुकीचे आहे. केवळ मजकूर सारखा आहे म्हणून दंड होत नाही, हे गूगलने २००८ मध्येच स्पष्ट केले होते. सारखी पाने आढळली की गूगल त्यांचा एक गट करते आणि त्यातले सहसा एकच पान निकालात दाखवते. खरी अडचण इथे आहे, कारण ते पान आपलेच असेल याची हमी कोणी देत नाही. माझा एक लेख प्रसिद्ध झाल्यावर तासाभरातच, माझ्या परवानगीने, एका मोठ्या वेबसाइटवर आला. पुढे कित्येक आठवडे त्याचे शीर्षक जसेच्या तसे शोधले तरी त्यांचेच पान वर येत असे आणि माझे पान निकालात सापडत नसे.

यावर उपाय आहेत, मात्र त्यांची ताकद सारखी नाही. मूळ पान कोणते हे शोधयंत्राला सांगणारा कॅनॉनिकल टॅग २००९ च्या फेब्रुवारीत आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात गूगलने तो वेगवेगळ्या वेबसाइटांमध्येही ग्राह्य धरला. पण तो आदेश नसून सूचना आहे. पुनर्प्रकाशित पानाची मांडणी आणि भोवतालचा मजकूर बहुधा मूळ पानाहून बराच वेगळा असतो, त्यामुळे अशा वेळी या टॅगवर विसंबू नये, पुनर्प्रकाशकाने ते पान नोइंडेक्स करून शोधातूनच वगळावे, असे गूगल २०२३ पासून सांगत आहे. मी ही अट आधी मांडतो. ती मान्य नसेल तर समोरच्याला माझ्या लेखावर शोधातून येणारे वाचक हवे आहेत हे उघड होते, आणि मग मोबदल्याची बोलणी त्या हिशेबाने करता येतात.

वाचक जाण्याची भीती निराधार नाही, पण ती सर्वांना सारखी लागू होत नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेली ‘द कॉन्व्हर्सेशन’ ही अभ्यासकांचे लेख छापणारी वेबसाइट आपले लेख क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली इतरांना विनामूल्य छापू देते; श्रेय द्यावे आणि मजकूर बदलू नये, अशी अट असते, आणि वाचने मोजणारा एक छोटा कोडही सोबत ठेवावा लागतो. अर्थात ही ना-नफा संस्था आहे आणि लेख दूरवर पोहोचणे हाच तिचा हेतू आहे. ज्याचे उत्पन्न स्वतःच्या पानावरील जाहिरातींवर चालते, त्याने तिचे अनुकरण डोळे झाकून करू नये. त्याने फीडमध्ये, म्हणजे नवे लेख वाचकांकडे आणि इतर वेबसाइटांकडे आपोआप पोहोचवणाऱ्या यादीत, पूर्ण लेखाऐवजी सारांश द्यावा आणि निवडक लेखच, तेही काही दिवसांनंतर, बाहेर जाऊ द्यावेत.

हक्क सुटतो हे तर मुळीच खरे नाही. परवानगी देणे आणि स्वामित्व हस्तांतरित करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फीड वाचनासाठी खुले ठेवले म्हणजे छापण्याची मुभा दिली असेही होत नाही. सावध राहायचे ते क्रिएटिव्ह कॉमन्सबाबत: त्या परवान्याखाली एकदा दिलेला लेख अटी पाळणाऱ्याकडून परत घेता येत नाही.

या सल्ल्यात ज्याचा उल्लेखही नसतो, तो तोटा मला सर्वांत जास्त छळतो. एका लेखात मी एक वर्ष चुकीचे लिहिले होते. त्याच संध्याकाळी मी मूळ पानावर दुरुस्ती केली, पण तोवर तो लेख आणखी दोन वेबसाइटांवर गेला होता. एका संपादकाने तिसऱ्या पत्रानंतर बदल केला. दुसऱ्याने उत्तरच दिले नाही, आणि दुरुस्तीची अट मी आधी लेखी घेतलेली नसल्यामुळे त्याला बांधील धरण्यासारखे माझ्या हाती काही नव्हते. तिथे ते चुकीचे वर्ष माझ्या नावाखाली अजूनही तसेच आहे.