रेड ६ आणि रात्रीचा आरसिंक: प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं असं की मेल सर्व्हरला रेड ६ लावला (रेड म्हणजे एखादी डिस्क मेली तरी डेटा टिकेल अशी अनेक डिस्कची मांडणी) आणि रोज रात्री दुसऱ्या मशीनवर आरसिंक (फाइलींची प्रत ताजी करणारा प्रोग्रॅम) मारला की झालं, रेड १० सांगून मी उगाच अर्ध्या डिस्क वाया घालवायला लावतोय. आधी डिस्कचं बोलू, कारण तिथे तुमच्या मुद्द्यात दम आहे. रेड ६ मध्ये कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो, रेड १० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात, जोडीतल्या दोन्हीवर तोच डेटा, त्यामुळे एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या की खेळ खलास. पण मेलचा लोड कसा असतो बघा ना, मेलडिर या मेल साठवायच्या पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल, वर इंडेक्स, वर क्यू (पोचवायच्या मेलची रांग), म्हणजे दिवसभर नुसत्या छोट्या छोट्या रँडम राइट्स, डिस्कवर इथे तिथे लिहिणं. अशी एक राइट म्हणजे रेड ६ मध्ये साधारण ३ वेळा वाचणं आणि ३ वेळा लिहिणं, डेटा अधिक दोन पॅरिटी (मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढायला ठेवलेली जादा माहिती), आणि रेड १० मध्ये फक्त २ वेळा लिहिणं. फिरत्या डिस्कवर सकाळी सगळे एकदम लॉगिन झाले की हे जाणवतंच. एसएसडी असतील, मेलबॉक्स मोजके असतील तर खुशाल रेड ६ लावा.

आरसिंकबद्दल मात्र मला अजिबात पटत नाही. रेड कुठलाही घ्या, डिस्क मेली तर तो सर्व्हर चालू ठेवतो, बस्स. कुणी फोल्डर उडवला, किंवा चुकीच्या सेटिंगच्या पॉप क्लायंटने (मेल स्वतःकडे उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने) सगळं उतरवून सर्व्हरवरचं पुसलं, तर सगळ्या डिस्कवरून ते गेलंच, आणि आरसिंक डिलीट ऑप्शन (मूळ जागी नसलेली फाइल प्रतीतूनही पुसणारा) लावून चालत असेल तर रात्री दुसऱ्या मशीनवरूनही जाणार. बरं, डिलीट काढून टाकला तर? मेलडिरमध्ये मेल वाचला की फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये जाते, नावाला फ्लॅग, म्हणजे वाचल्याची खूण, चिकटतो, आरसिंकला ती नवीनच फाइल वाटते, मग रिस्टोर केल्यावर एकच मेल दोनदोन तीनतीनदा दिसतो.

म्हणून जुन्या तारखांच्या प्रती हव्यात. डिस्क सांभाळणाऱ्या झेडएफएस किंवा एलव्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणीचा गोठवलेला डेटा) घ्यायचा आणि त्यावरून बोर्ग नाहीतर रेस्टिक या बॅकअप प्रोग्रॅमने बाहेर न्यायचं, डीडुप्लिकेशन (तोच डेटा एकदाच साठवणं) असल्यामुळे ३० दिवसांच्या प्रतींना ३० पट जागा लागत नाही. आणि मेल सर्व्हरवरच्या युजरला त्या जुन्या प्रती पुसता येता कामा नयेत, नाहीतर सर्व्हर हॅक झाला की बॅकअपही त्याच्याबरोबर गेला. डवकॉट (क्लायंटना मेल दाखवणारा सर्व्हर प्रोग्रॅम) असेल तर यूआयडी लिस्टची, म्हणजे प्रत्येक मेलच्या ओळख क्रमांकांची, फाइल पण घ्या, ती हरवली की सगळे क्लायंट सगळे मेल परत डाउनलोड करत बसतात. पोस्टफिक्सचा (मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा) जुना क्यू मात्र परत ठेवू नका, पोचलेले मेल पुन्हा जातील.

शेवटी तुम्ही लिहिलंय की रिस्टोर करायची वेळ कधी आलीच नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली. लाखो छोट्या फाइल परत आणायला अंदाजापेक्षा खूप वेळ लागतो, तेव्हा एखादा मोठा मेलबॉक्स रिकाम्या मशीनवर रिस्टोर करून बघा, मेलची संख्या आणि वाचलेले-न वाचलेले जुळतात का तपासा, किती वेळ लागला तेही इथे लिहा.